घरातील एकालाच माहीत असलेल्या गोष्टी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घरावर अचानक ओढवलेल्या प्रसंगांविषयी आहेत. ती एकापाठोपाठ एक वाचताना असे लक्षात आले की बहुतेक घरांत विमा काढलेला असतो, चार पैसे बाजूला टाकलेले असतात, गॅसची नळीही वेळच्या वेळी बदललेली असते. परंतु या सगळ्याची माहिती घरातील एकाच माणसाकडे असते, आणि संकट नेमके त्याच माणसावर किंवा तो घरी नसताना येते. म्हणून या वेळी पाच पत्रे निवडून त्यांना सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न (नाशिक) : माझे पती 58 वर्षांचे असून घरातील सर्व आर्थिक व्यवहार तेच पाहतात. मार्च महिन्यात पहाटे त्यांच्या छातीत दडपल्यासारखे होऊन घाम फुटला. पित्त असेल असे समजून आम्ही तासभर घरीच थांबलो, मग रिक्षाने जवळच्या दवाखान्यात गेलो आणि तेथून मोठ्या रुग्णालयात. तेथे विम्याचे कार्ड मागितले, तेव्हा विमा कोणत्या कंपनीचा आहे हेही मला सांगता आले नाही. त्यांच्या मोबाइलला कुलूप होते आणि एटीएमचा पिन मला ठाऊक नव्हता. शेवटी शेजाऱ्यांनी अनामत रक्कम भरली. आता त्यांची प्रकृती चांगली आहे. परंतु हा विषय काढला की ‘माझ्या मरणाची तयारी चालली आहे का’ असे ते विचारतात. मी काय करावे?

उत्तर : आधी त्या पहाटेविषयी लिहिते. छातीच्या मध्यभागी दडपण, ते खांद्याकडे, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणे, थंड घाम आणि दम लागणे यांपैकी काही एकाएकी जाणवल्यास ते पित्त आहे की हृदयविकार, याचा निकाल घरी लावू नये. तो ईसीजीने लागतो. मधुमेह असलेल्यांना, तसेच अनेक स्त्रियांना, छातीत फारसे न दुखता केवळ मळमळ, अशक्तपणा किंवा धाप एवढेच जाणवू शकते. अशा वेळी 108 किंवा 112 या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. अँजिओप्लास्टीची (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करण्याची) सोय चोवीस तास असणारे रुग्णालय आपल्या घरापासून कोणते जवळ आहे, हे आजच, शांतपणे, विचारून ठेवावे. दोन ठिकाणी फिरण्यात जाणारा वेळ त्यामुळे वाचतो, आणि हृदयाच्या स्नायूच्या दृष्टीने त्या वेळेचे मोल फार मोठे असते.

आता कागदपत्रांविषयी. आपल्या यजमानांना जे वाटते, ते अनेक पुरुषांना वाटते आणि त्यात दुखावल्याची भावना खरी असते. त्यांच्याशी बोलताना मृत्यूचा विषय काढूच नये. ‘तुम्ही आयसीयूत असताना तुमच्यावरचे उपचार माझ्या अडाणीपणामुळे थांबू नयेत’, एवढेच म्हणावे; मार्चमध्ये जे घडले त्यानंतर हे त्यांनाही पटण्यासारखे आहे. मग दोघांनी मिळून एक साधी वही करावी. तीत आरोग्यविम्याचा पॉलिसी क्रमांक, कंपनीचा मदत क्रमांक, सर्व बँक खाती आणि मुदतठेवी, आयुर्विमा, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, गृहकर्ज, लॉकर, आणि कोणाला दिलेले किंवा कोणाकडून घेतलेले हातउसने पैसे यांची नोंद असावी. शेवटच्या पानावर दोघांची नेहमीची औषधे, त्यांचे प्रमाण आणि कशाची ॲलर्जी आहे ते लिहावे. पिन आणि पासवर्ड मात्र या वहीत लिहू नयेत. माझ्या वडिलांच्या पश्चात आम्हांला एका डब्यात लॉकरची किल्ली सापडली होती. ती कोणत्या बँकेची आहे हे शोधण्यात आमचे चार महिने गेले. एका ओळीच्या नोंदीने ते सगळे वाचले असते, म्हणून वहीचा आग्रह इतका धरते.

अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास बहुतेक पॉलिसींत चोवीस तासांच्या आत कंपनीला कळवणे अपेक्षित असते. पॉलिसी क्रमांक आणि रुग्णाचे ओळखपत्र हाती असेल तर कॅशलेसची, म्हणजे बिल विमा कंपनीने परस्पर भरण्याची, प्रक्रिया रुग्णालयातील विमा कक्षच सुरू करतो. म्हणजे त्या रात्री आपल्याजवळ असायला हवे होते ते केवळ एका कार्डाचे छायाचित्र.

बँकेतील एक तरी खाते दोघांच्या नावे ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ या पद्धतीने असावे. मुदतठेव अशीच असली तरी मुदतीपूर्वी ती मोडण्याचा अधिकार हयात असलेल्या व्यक्तीस राहील, अशी दोघांच्या सहीची सूचना बँकेला आधीच देऊन ठेवावी लागते. ही गोष्ट फार थोड्या जणांना ठाऊक असते. खातेदाराच्या निधनानंतर त्याचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढणे नियमाला धरून नाही. घरच्या माणसाने केले तरी त्यातून वारसांमध्ये वाद उभे राहतात.

नॉमिनीविषयी आपण विचारलेले नाही, तरी ते सांगणे आवश्यक आहे. बँकेतील ठेवीचा नॉमिनी हा बँकेकडून रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. तिच्यावरील हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केले आहे. गृहनिर्माण सोसायटीतील सदनिकेचा नॉमिनीही केवळ त्या नोंदीमुळे मालक होत नाही. आयुर्विमा याला अपवाद आहे. विमा कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीनुसार विमाधारकाने आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी कोणास नॉमिनी केले असेल तर ती रक्कम सामान्यतः त्या व्यक्तीच्याच हक्काची होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्यासाठी चार जणांपर्यंत नॉमिनी नेमून प्रत्येकाचा हिस्सा ठरवता येतो. लग्नापूर्वी आईचे नाव घातले आणि पुढे ते तसेच राहिले, अशी खाती पुष्कळ असतात. तेवढी एकदा तपासून घ्यावीत. आणि मृत्युपत्र करावे. साध्या कागदावर लिहून, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही अशा दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी ते वैध असते. नोंदणी सक्तीची नाही; पुढील वाद टाळण्यासाठी केल्यास उत्तम.

प्रश्न (पुणे, कोथरूड) : आमच्या जुन्या सदनिकेत न्हाणीघराच्या आत गॅस गीझर आहे. गेल्या थंडीत माझी मुलगी अंघोळीच्या वेळी चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी अशक्तपणा असेल असे सांगितले. आम्ही गॅसची नळी तपासली, कोठेही गळती नाही, वासही येत नाही. तरी मनात शंका राहिली आहे.

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत तो गीझर कोणी वापरू नये अशी माझी विनंती आहे.

गळती नाही आणि वास नाही, यावरून धोका नाही असे ठरत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात स्वतःचा वास जवळजवळ नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. गीझरमध्ये मात्र गॅस जळतो. बंद न्हाणीघरात त्याला पुरेसा प्राणवायू मिळेनासा झाला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. सुरुवातीला डोके जड होते, मळमळते, मग पायांतील बळ जाते. म्हणूनच धोका कळला तरी पुष्कळदा माणसाला कडी काढण्याइतकी ताकद उरत नाही. हिवाळ्यात खिडकीची तावदाने लावून घेतली जातात आणि गरम पाणी अधिक वेळ चालते, त्यामुळे अशा दुर्घटना थंडीच्या दिवसांत अधिक घडतात. आपल्या मुलीला आलेली चक्कर कशामुळे होती हे मी येथून सांगू शकत नाही, परंतु ती गीझरमुळे नव्हती असे सिद्ध होईपर्यंत तसे गृहीत धरणे योग्य नाही.

गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळी हवा असलेल्या गॅलरीत किंवा ड्राय बाल्कनीत बसवून केवळ गरम पाण्याचा नळ आत आणावा. ते शक्य नसेल तर विजेचा गीझर घ्यावा आणि त्याच्या मंडलावर 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. नवी व्यवस्था होईपर्यंत पाणी चुलीवर तापवून बादलीने न्यावे. गैरसोय होईल, ती सोसावी. कोणी आत बेशुद्ध पडल्यास दार उघडून, श्वास रोखून, त्या व्यक्तीला लगेच मोकळ्या हवेत आणावे, गीझर बंद करावा आणि 108 ला फोन करावा. ती व्यक्ती थोड्या वेळाने शुद्धीवर येऊन ‘आता बरे वाटते’ म्हणाली तरी रुग्णालयात न्यावे व गीझरचा उल्लेख डॉक्टरांजवळ आवर्जून करावा, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवा आकडा दाखवतो.

गळतीचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगते. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. एक्झॉस्ट पंखा लावण्याची चूक पुष्कळ जण करतात. रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरच्या तोंडावर दोरीची प्लास्टिकची टोपी बसवावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर जावे आणि तेथून 1906 या क्रमांकावर कळवावे. ती टोपी पहिल्याच दिवशी फेकून देणारी घरे मी पाहिली आहेत. रेग्युलेटर काढणे-बसवणे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला, आजींनासुद्धा, यायला हवे. नळीवर छापलेली तारीख पाहून ती पाच वर्षांच्या आत बदलावी. सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून लिहिलेले अक्षर आणि साल पाहावे. ‘बी 27’ असे असेल तर त्या सिलिंडरची पुढील चाचणी जून 2027 अखेरपर्यंत व्हायची आहे. ए, बी, सी आणि डी ही वर्षाच्या चार तिमाहींची अक्षरे आहेत. मुदत उलटलेला सिलिंडर घेण्यास नकार देण्याचा आपल्याला हक्क आहे.

प्रश्न (सातारा) : माझ्या आईचे 12 लाख रुपये एका नागरी सहकारी बँकेच्या तीन शाखांत आणि 4 लाख रुपये गावातील पतसंस्थेत आहेत. हे पैसे सुरक्षित आहेत का?

उत्तर : बँक बुडाल्यास ठेव विमा महामंडळाकडून मिळणारे संरक्षण एका ठेवीदारास एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून, 5 लाख रुपयांपर्यंत आहे. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून आहे. त्यापूर्वी ती 1 लाख होती. शाखा तीन असल्या तरी बँक एकच, म्हणून आपल्या आईच्या 12 लाखांपैकी 5 लाखांनाच हे छत्र लाभते. पतसंस्था ही बँक नसते, त्यामुळे तेथील 4 लाखांना ते मुळीच लागू नाही, मग संचालक कितीही ओळखीचे असोत.

सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ 1,000 रुपये काढता येत होते. औषधांसाठी ठेवलेला पैसाही तेव्हा अडकून पडला. 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून 90 दिवसांच्या आत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे. तरीही तीन महिने हा वृद्ध माणसासाठी मोठा काळ आहे. म्हणून रक्कम वेगवेगळ्या बँकांत विभागावी आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे मोठ्या व्यापारी बँकेत, सहज काढता येतील असे ठेवावेत. अर्धा-एक टक्का अधिक व्याजासाठी सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये.

प्रश्न (नागपूर) : माझे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. पोलिसी गणवेशातील एका माणसाने व्हिडिओ कॉल करून ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगितले आणि दोन दिवस कोणाशीही बोलू दिले नाही. त्यांनी साडेसहा लाख रुपये पाठवले. लाजेमुळे त्यांनी आम्हांला चार दिवसांनी सांगितले. आता काही होऊ शकते का?

उत्तर : आज, या क्षणी, 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही ती भरावी आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काही तासांतच फिरवले जातात, त्यामुळे पहिला दिवस सर्वांत मोलाचा होता हे खरे. परंतु साखळीतील एखाद्या खात्यात काही रक्कम गोठवता आली तर ती पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते. म्हणून उशीर झाला तरी तक्रार करावीच.

नुकसान कोणी सोसायचे याविषयी रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी नियम घालून दिले. ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइताने खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे ते नियम सांगतात. आपल्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असल्यामुळे बँकेकडून भरपाईची आशा कमी आहे; खोटा दिलासा देणे मला योग्य वाटत नाही.

डिजिटल अटक अशी कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवरून अटक करत नाही आणि पडताळणीसाठी पैसे मागत नाही. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्दच या गुन्ह्याचे खरे हत्यार आहे. आयुष्यभर प्रामाणिकपणे नोकरी केलेला माणूस आरोपाच्या शब्दानेच हादरतो, आणि ठक नेमके तेच हेरतो. घरात कोणीही त्यांना ‘शिकलेले असून कसे फसलात’ असे म्हणू नये. तसे एकदा जरी म्हटले गेले, तर पुढच्या वेळी ते चार दिवसांनीसुद्धा सांगणार नाहीत.

प्रश्न (चिपळूण) : 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या तळमजल्यावरील घरात आठ फूट पाणी होते. दस्तऐवज, फ्रीज, दुचाकी सगळे गेले. आता दर पावसाळ्यात रात्री झोप लागत नाही. घर बदलणे शक्य नाही. निदान काय करून ठेवावे?

उत्तर : त्या रात्रीनंतर वाशिष्ठी नदीच्या पाण्याचा आवाज आपल्या मनातून जाणे कठीण आहे. भीती जाणार नसेल तर तिला काही ठरलेली कामे द्यावीत, असे मला वाटते.

मे महिन्यातच करायचे काम कागदांचे आहे. आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका यांच्या डिजीलॉकरमधील प्रती मूळ कागदाइतक्याच ग्राह्य धरल्या जातात. खरेदीखत गेले असेल तर घाबरू नये. ते नोंदणीकृत असल्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळते, आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून घेता येतो. मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावरील किंवा उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे चार महिने ठेवावेत.

दुसरे काम विम्याचे. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची घरविम्याची पॉलिसी द्यावी लागते. तीत पूर, वादळ, भूकंप आणि दरड यांचा समावेश आहे. इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सामानाला त्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याची घाई सर्वांना असते आणि ती स्वाभाविक आहे. तरी भिंतीवरील पाण्याची रेघ दिसेल अशी छायाचित्रे आणि प्रत्येक वस्तूचे चित्र आधी घ्यावे, तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी आणि कंपनीला लगेच कळवावे. पाण्यात बुडालेली दुचाकी किंवा गाडी चालू करून पाहू नये. इंजिनात पाणी ओढले जाऊन ते निकामी होते आणि असे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारले जाते.

पाणी अंगणात आले की मेन स्विच बंद करायचा, आणि तो कोण बंद करील हे घरात आधीच ठरलेले असावे. आपण बाजारात असलात तर ते काम मुलीने किंवा सासूबाईंनी करायचे आहे, म्हणून त्यांना आज एकदा तो स्वतःच्या हाताने बंद करायला सांगावे. स्विचपर्यंत पाणी पोहोचले असेल तर मात्र त्याला कोणी हात लावू नये. महावितरणच्या 1912 क्रमांकावर कळवून पुरवठा बाहेरून तोडून घ्यावा. पूर ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात चालावे लागले असेल तर ताप येण्याची वाट न पाहता आरोग्य केंद्रात जावे. लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा ताप टाळण्यासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे औषध देतात. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून घ्यावी.

वर नेण्याच्या वस्तूंची एक लहान पिशवी जूनपासून दाराजवळच टांगलेली असावी : आठ दिवसांची औषधे, चष्मा, बॅटरी, पॉवर बँक, थोडी रोख रक्कम, आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली ती वही.